खोडकिडा खोडकिडा म्हणतो, तो एक आहे की दोन?

द्राक्षबाग_निफाड | ९ जून, रात्री ९:१०

रामराम मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण औषधाचा दुकानदार, पाव्हणे आणि घरचे म्हातारे तिघं तीन उत्तरं देतात, म्हणून इथे टाकतो.

तीन एकर थॉमसन द्राक्ष आहे, डॉगरिज खुंटावर कलम केलेलं, बारा वर्षांची बाग. खरड छाटणीनंतर फूट सगळीकडे सारखी निघाली, पण सात-आठ वेली मागे पडल्या. पानं पिवळी, काडी बारीक. त्यातल्या दोन वेलींच्या बुडाशी ओलसर भुशाचा ढीग, वखारीत करवतीखाली पडतो तसा. बाकीच्या वेलींना बाहेरून काहीच नाही. ना भोक, ना भुसा. शेवटी एक ओलांडा (मांडवावरचा वेलीचा आडवा हात) कापला तर आतून मैद्यासारखी पावडर सांडली आणि तुकडा हातात वाळक्या भोपळ्यासारखा हलका लागला.

वडील म्हणतात, खोडकिडा एकच, वेली दोन प्रकारे मरतात. पण परवाच्या पावसानंतर मला दोन भुंगेरे सापडले. एक सकाळी काडीला चिकटून बसला होता, जाडजूड, मळकट राखाडी-पिवळा. दुसरा रात्री पडवीतल्या बल्बवर आला, तपकिरी, सडपातळ. दोघांनाही लांब शिंगं. चुलतभाऊ म्हणतो नर-मादी आहेत. खरंच का?

फोटो टाकायचा होता, रेंज नाही.

तिठ्यावरचा_भो | ९ जून, रात्री ९:२२

नर-मादी असते तर एकाच बल्बवर भेटले नसते का भो?

कीटकबाई_सिडको | ९ जून, रात्री १०:४५

दादा, नर-मादी नाहीत. सख्खे भाऊही नाहीत, फार तर चुलत. कुळ एकच, सेरॅम्बिसिडी, म्हणजे लांब शिंगांचे भुंगेरे. पण घराणी वेगळी आणि वागणं तर अगदीच वेगळं. (तुम्ही शिंगं म्हणता त्या मिशा आहेत, वास घेण्यासाठी. पण 'शिंगं' हाच शब्द राहू द्या, मलाही आवडतो.)

वर्णनावरून राखाडी जाडा तो सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर वाटतो. मूळचा बाभळीचा गिऱ्हाईक, द्राक्षावर नंतर आलेला. तपकिरी तो स्ट्रोमॅशियम बार्बेटम. याला १७७५ साली फॅब्रिसियस नावाच्या डॅनिश माणसाने नाव दिलं. बार्बेटम म्हणजे लॅटिनमध्ये दाढीवाला. दाढी शोधायला भिंग लागेल, पण नाव मजेशीर आहे.

पुन्हा सापडले तर तोंड बघा. राखाडीचा चेहरा सपाट आणि सरळ खाली उतरलेला असतो, शिक्षा झालेलं पोरगं मान खाली घालून उभं राहतं तसा. त्याच्या घराण्याची, लॅमिनीची, ही खूणच आहे. तपकिरीचं तोंड पुढे, तिरकं. हातात धरले तर दोघेही किर्रकिर्र करतील. मानेचा भाग पाठीवर घासून आवाज काढतात, घाबरू नका. चावा मात्र बसू शकतो, लाकूड कातरणारे जबडे आहेत ते.

आता खरा फरक. राखाडीची मादी सालीला जबड्याने चीर पाडते आणि त्यात अंडं ठेवते. तपकिरीची मादी एवढे कष्ट घेत नाही, सैल सालीखाली किंवा एखाद्या फटीत अंडी घालून मोकळी होते. प्रौढ राखाडी हिरव्या काडीची साल कुरतडून खातो, म्हणूनच तुम्हाला तो सकाळी काडीवर भेटला. तपकिरी काडीच्या वाटेला जात नाही.

अळ्या दोघांच्याही पांढुरक्या, पाय नसल्यासारख्या, डोकं लाकडात खुपसलेलं. पण राखाडीच्या अळीला जिवंत झाड लागतं आणि ती घर झाडून ठेवते. बाहेर एक भोक ठेवायचं आणि भुसा, विष्ठा सगळं तिथून ढकलून द्यायचं. तुमच्या बुडाशी पडलेला ढीग तोच. तपकिरीच्या अळीला हवं असतं मेलेलं, वाळकं लाकूड. जिवंत वेलीत ती जुन्या छाटणीच्या जखमांतून आणि सुकलेल्या गाभ्यातून फिरते, आणि खाल्लेलं सगळं मागच्या मागे बोगद्यातच ठासून भरते. बाहेर काही टाकत नाही. दार उघडतं ते एकदाच, भुंगेरा होऊन बाहेर पडताना. तोवर तुम्हाला पत्ता नाही.

भुशाचा ढीग दिसला म्हणून घाबरू नका, उलट ज्या वेलींना बाहेरून काहीच दिसत नाही त्यांची काळजी करा.

मोहाडीचा_मामा | १० जून, सकाळी ६:१५

ताई, तुमचं पुस्तकातलं ठीक आहे. पण माझ्या बागेत बाहेर कोरडी पावडर पडलेली आहे. ओला भुसा नाही, पावडरच, मैद्यासारखी. आणि खोडाला भोकंही आहेत. मग हा तुमचा तपकिरी की राखाडी? तीस वर्षं द्राक्ष करतोय, आमच्याकडे दोघंही बाहेर टाकतात.

कीटकबाई_सिडको | १० जून, सकाळी ७:०२

मामा, रागावू नका. तीन गोष्टी बघून सांगा. भोक गोल आहे की लांबट? कडा ताज्या की काळ्या पडलेल्या? आणि पावडर रोज नवी पडते का? आज खाली पेपर अंथरा, उद्या बघा.

जुना_सुतार | १० जून, सकाळी ११:३०

बागेतलं मला कळत नाही, पण हे तपकिरी प्रकरण ओळखीचं आहे. जुन्या नाशकात वाड्यांची कामं केली चाळीस वर्षं. चौकटी, तुळया, झोपाळ्याच्या कड्या. तिथे दोन किडी भेटायच्या आणि गिऱ्हाईक दोन्हीला 'घुण' म्हणायचं.

एक खरा घुण. टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं, शेकड्यांनी, आणि टाल्कम पावडरसारखा भुसा. बांबू आणि लाकडाचा बाहेरचा पांढरा भाग याला आवडतो. दुसरा मोठा. भोक लांबट, मोठ्या गव्हाच्या दाण्याएवढं किंवा त्याहून जास्त, आणि एका फळीला दोन-चारच. पण फळी उघडली की आत पाहवत नाही. बाहेरून पॉलिश केलेली, आतून पावडरची पिशवी. सागसुद्धा सोडत नाही. एका वाड्यातलं कपाट बनवून किती तरी वर्षं झाली होती, त्यातून एके पावसाळ्यात भुंगेरा निघाला. मालक म्हणाले, तुम्ही किडलेलं लाकूड वापरलंत. मी म्हटलं, मालक, हा तुमच्या मुलाच्या मुंजीच्या आधीपासून आत बसलाय.

कीटकबाई_सिडको | १० जून, दुपारी १:१५

काका, दुसरं जे सांगितलंत ते याच तपकिरीशी तंतोतंत जुळतं. वाळक्या लाकडात पोषण कमी, ओल कमी, म्हणून अळी हळू वाढते, कधी कधी अनेक वर्षं घेते. राखाडीला असं चालत नाही. त्याचा साधारण वर्षाचा फेरा. पावसाच्या सुरुवातीला भुंगेरे बाहेर, अंडी, मग पुढचा पावसाळा येईपर्यंत अळी खोडात.

तपकिरी शेकडो जातींच्या लाकडांत सापडलेला आहे. द्राक्ष त्यातलं एक. खरं तर त्याच्या लेखी तुमची वेल म्हणजे मुळं असलेलं फर्निचर.

मंदा_पंचवटी | १० जून, दुपारी ३:४०

सगळ्यांना नमस्कार. मला बागबिग काही नाही, रामकुंडापासून चालत दहा मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर राहते. तरी हा धागा वाचून अंगावर काटा आला.

दोन वर्षांपूर्वी घरासाठी एक दिवा घेतला. जुन्या द्राक्षाच्या खोडाचा स्टँड, वेडावाकडा, वरून वार्निश, त्यात बल्ब. हौसेने दिवाणखान्यात ठेवला. गेल्या आठवड्यात त्याच्या पायाशी चिमूटभर पावडर दिसली. मी कामवाल्या मावशींना म्हटलं, झाडू नीट मारा. त्या म्हणाल्या, मी रोज मारते, हे रोज येतंय. आणि परवा रात्री टीव्ही बघताना एक तपकिरी, लांब मिशांचा किडा ट्यूबलाइटवर आपटला. मिस्टरांनी चपलेने मारला. आम्ही समजलो बाहेरून आला. पण आमच्या सगळ्या खिडक्यांना जाळी आहे.

आता स्टँडकडे नीट पाहिलं तर एक लांबट भोक. सुतारकाका म्हणतात तेवढंच.

तिठ्यावरचा_भो | १० जून, दुपारी ३:५२

मंदाताई, बागेशिवाय बागायतदार झालात. अभिनंदन.

कीटकबाई_सिडको | १० जून, संध्याकाळी ५:३०

मंदाताई, मारायला नको होता, बघायला मिळाला असता! बहुधा तोच. बाहेर पडताना भोक पाडतो, तेव्हा आतली ठासलेली पावडर थोडी सांडते. स्टँडला धक्का लागला की आणखी सांडते. म्हणून रोज येतेय असं वाटतं. मामांच्या प्रश्नाचं उत्तरही कदाचित यातच आहे.

सध्या स्टँड मोठ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. आत आणखी असतील तर बाहेर येऊन पिशवीतच अडकतील आणि घरातल्या दुसऱ्या लाकडाच्या फटीत अंडी जाणार नाहीत. पलंग, देव्हारा, चौकटीही एकदा बघून घ्या.

पॅकहाऊस_पिंपळगाव | १० जून, रात्री ८:२०

थोडं अवांतर, पण जोडूनच आहे. निर्यातीच्या कंटेनरमध्ये द्राक्षाच्या पेट्या ज्या लाकडी पॅलेटवर जातात, त्यावर 'एचटी' (हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवलेलं लाकूड) असा शिक्का लागतो. नवीन मुलं विचारतात हे कशाला. हे याच जातभाईंसाठी. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसपीएम १५. चीनमधला एक लांबशिंग्या असाच पॅकिंगच्या लाकडातून अमेरिकेत पोचला, १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सापडला, आणि त्यापायी तिथे हजारो झाडं तोडावी लागली.

तेव्हा मंदाताई, स्टँड गच्चीवर उन्हात ठेवून काम होईल असं समजू नका. वरून चटका बसेल, गाभा तेवढा तापत नाही. आणि वार्निश जाईल ते वेगळं.

मोहाडीचा_मामा | ११ जून, सकाळी ६:४०

पेपर अंथरला होता. एका खोडाखाली काहीच नाही. दुसऱ्याखाली चिमूटभर, पण ते मीच टॉर्च घेऊन वाकलो तेव्हा खांदा लागला म्हणून. भोकं लांबट आहेत, कडा जुन्या, काळ्या. साल ओढली तर अख्खी पट्टी हातात आली, खाली पावडरच पावडर.

ताई, तुमचं खरं. माझ्याकडे तपकिरीच आहे आणि तो निघूनही गेलाय. म्हणजे मी मागच्या पावसाळ्यापासून रिकाम्या घराच्या दारात औषध ओततोय. त्या औषधाचा हिशोब आता काढत नाही.

द्राक्षबाग_निफाड | ११ जून, सकाळी ७:३०

मामा, तुम्ही एकटे नाही. मीही दोन्हीला एकच द्रावण सिरिंजने सोडत होतो. ज्या वेलीला भोकच नाही तिथे ड्रिलने भोक पाडून सोडलं. हसू नका.

आता सांगा, करायचं काय? दोघांचं वेगवेगळं लिहा.

कीटकबाई_सिडको | ११ जून, सकाळी ९:१०

राखाडीचं सोपं आहे, कारण तो पत्ता देतो. ढीग ताजा आणि ओला असेल तर अळी आत आहे. ढिगाच्या वर भोक शोधा, सायकलचा स्पोक किंवा लवचीक तार टोकाला वाकवून आत घाला, अळी टोचली की तारेला ओलसर लागतं. नंतर भोक मातीने लिंपा. दोन दिवसांनी पुन्हा बघा, नवा भुसा पडला तर ती वाचली आहे. भुंगेरे सकाळी हाताने वेचा. काडीची साल कुरतडलेली दिसली की आसपासच बसलेला असतो.

तपकिरीला तार चालत नाही, कारण रस्ता पावडरीने बंद. त्याच्यासाठी दोनच वेळा हातात आहेत. एक, भुंगेरे बाहेर येतात ते हे पहिल्या पावसाचे दिवस, तेव्हा प्रकाश सापळा. दोन, अंडी घालायची जागाच काढून घेणं. खोडावरची, ओलांड्यावरची सैल साल पाऊस सुरू व्हायच्या आत ओरबाडून काढायची. मामांच्या हातात आली ती अख्खी पट्टी म्हणजे त्याचं बाळंतिणीचं घर. शिवाय पिठ्या ढेकूणही त्याच सालीखाली दडतो, म्हणजे एका मजुरीत दोन कामं.

आत पोकळ झालेला ओलांडा वाचवत बसू नका. निरोगी लाकूड लागेपर्यंत मागे कापा आणि खालच्या फुटीवर नवा ओलांडा धरा.

काडीपैलवान | ११ जून, सकाळी १०:००

औषधाचं नाव आणि डोस सांगा ना कोणी. साल काढायला मजूर मिळत नाही.

पॅकहाऊस_पिंपळगाव | ११ जून, सकाळी १०:२५

कृपया या धाग्यावर कोणी औषधाचं नाव-डोस टाकू नका. लेबल क्लेम (कुठलं औषध कुठल्या पिकाला मंजूर ते) बदलत राहतात, आणि गेल्या वर्षीची चिठ्ठी यंदा चालेलच असं नाही. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले होते, ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. पुण्याजवळ मांजरी गावात असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी असते, ती बघून मगच हात घाला.

मोहाडीचा_मामा | ११ जून, दुपारी १२:१०

एक विचारू का? राखाडी बाभळीचा म्हणता. माझ्या बांधावर चौदा बाभळी आहेत. तोडू का?

तिठ्यावरचा_भो | ११ जून, दुपारी १२:१८

मामा, चौदा? मोजून ठेवल्यात, म्हणजे जीव आहे त्यांच्यावर.

जुना_सुतार | ११ जून, दुपारी १:००

बाभूळ तोडू नका हो. गाडीची चाकं, नांगर, औताच्या दांड्या, सगळं तिनेच दिलंय.

द्राक्षबाग_निफाड | ११ जून, दुपारी १:४५

माझं मत वेगळं आहे. भावनेवर बाग चालत नाही. बांधावर त्याचं माहेर ठेवायचं आणि इकडे रोज सकाळी वेचत बसायचं?

कीटकबाई_सिडको | ११ जून, दुपारी ३:२०

दादा, तोडून तो उपाशी मरेल असं नाही. निलगिरी, सुरू, अशी बरीच झाडं त्याला चालतात. बाभळी गेल्या तर जवळची हिरवी साल तुमच्या काडीची. मी तुमच्या जागी असते तर त्या चौदा बाभळींचं बूड आधी बघितलं असतं. तिथेही तो भुशाचा ढीग टाकतोच. तिथे तार घातली तर बागेत येणारे कमी होतील. शिवाय मृगाचा पाऊस पडला की हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे संध्याकाळी बाभळी-कडुनिंबावरच जमतात, फांद्या हलवून गोळा करायला तेवढी सोय.

मोहाडीचा_मामा | ११ जून, रात्री ८:५०

बाभळी राहतील. तीन बुडांशी ढीग सापडला. स्पोक घेऊन नातू आणि मी बसलो होतो. नातवाने दोन काढल्या, मी एक. मला चष्मा लागतो.

द्राक्षबाग_निफाड | १२ जून, रात्री ११:१५

आज प्रकाश सापळा लावला. घमेल्यात पाणी, वर थोडं रॉकेल, त्यावर बल्ब, सात ते दहा. हिशोब असा: हुमणीचे तेवीस, तपकिरी लांबशिंगे नऊ, आणि एक गेंड्या भुंगेरा, तो बहुतेक शेजारच्या नारळाचा. राखाडी एकही नाही. आज सकाळी मात्र काडीवर दोन राखाडी मिळाले. म्हणजे एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. तोंडही बघितलं. ताईंनी सांगितलेलं शिक्षा झालेलं पोरगं लगेच ओळखू आलं.

पण मला कोडं पडलं, नऊ कुठून? माझ्या आठ वेलींत एवढे? मग बॅटरी घेऊन फिरलो. पडवीच्या मागे सरपणाचा ढीग आहे. चार वर्षांपूर्वी शेजारची एक एकर जुनी बाग काढली, तेव्हा खोडं चुलीसाठी फुकट उचलून आणली होती. वरच्या थरातली सहा-सात खोडं फोडली. एकूण एक पावडर. दोघांत अळ्या वळवळत होत्या. माझ्या बागेपासून हा ढीग पंचवीस पावलांवर.

चार वर्षं मी बागेत औषध मारतोय आणि घरामागे कारखाना चालवतोय.

कीटकबाई_सिडको | १२ जून, रात्री ११:४०

अगदी हेच. मुळासकट काढलेली खोडं म्हणजे त्याच्यासाठी मेजवानी, कारण पूर्ण वाळलेलं लाकूड आणि कोणी हात लावत नाही. छाटणीच्या जाड तुकड्यांचंही तेच, बांधावर रचून ठेवू नका. भुंगेरे निघायचे दिवस आहेत, तेव्हा जाळायचं तर आजच, दिवाळीच्या आंघोळीचं पाणी तापवायला म्हणून राखून ठेवू नका.

जुना_सुतार | १३ जून, सकाळी ८:१०

आणि मंदाताईंचा स्टँड अशाच एखाद्या ढिगातून गेला असणार. खोड न तापवता, न तासता, वरून नुसतं वार्निश मारलं की झालं. वार्निशने किडा मरत नाही, फक्त चकचकीत घरात राहतो.

मंदा_पंचवटी | १३ जून, सकाळी ११:०५

पिशवी बांधून तीन दिवस झाले. आज आत एक आला. मिस्टर चप्पल घेऊन धावले, मी अडवलं. भिंग आणून तोंड बघितलं, तिरकं आहे. दाढी मात्र काही दिसली नाही.

द्राक्षबाग_निफाड | १३ जून, संध्याकाळी ७:३०

ढीग पेटवला. वडील बाजूला खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, दोन किडे आहेत हे मान्य, पण सरपण चांगलं होतं.